तुंगारचा परवाना आणि वेलची केळी

मी पाठपिशवी बोलतेय. नुसतं पिशवी म्हटलं की लोकांना बाजाराची पिशवी आठवते, म्हणून आधीच सांगते. मी पाठीवर बसणारी आहे, हातात लोंबणारी नाही.

माझं कापड शिडाचं. वसईच्या पाचूबंदरात मासेमारीच्या एका मचव्यावर माझ्या आईने कितीतरी वर्षं वारा खाल्ला. ती फाटली तेव्हा मचवा चालवणाऱ्या तांडेलाने नवं शीड घेतलं आणि जुन्यातला धड तुकडा माणिकपूरच्या पीटर शिंप्याच्या दुकानात येऊन पडला. म्हणजे घराणं समुद्रावरचं, शिवली गेले डोंगरासाठी, आणि ऐन तारुण्य गेलं कुठे, तर जंगलखात्याच्या कचेरीतल्या बाकड्यावर. काय बोलावं?

पीटरने आयुष्यात कधी पाठपिशवी शिवली नव्हती. शर्ट, लेंगे, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे, यात त्याचा हात बसलेला. त्यामुळे त्याने मला बटणाचे दोन खिसे लावले आणि त्यातल्या एकाला सवयीने पेन ठेवायची फट ठेवली. पट्ट्यांसाठी माप घेतलं क्लेमेंटचं. वर्षानुवर्षं केळीचे घड वाहून क्लेमेंटचा उजवा खांदा खाली उतरलेला. पीटर इमानदार माणूस, त्याने एक पट्टा आखूड आणि एक लांब शिवला. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही पाठीवर मी तिरकी बसते, एकट्या क्लेमेंटच्या पाठीवर सरळ.

हा क्लेमेंट म्हणजे माझा मालक. गिरीजला त्याची वाडी होती. केळी, पानवेल आणि कडेने थोडी मोगऱ्याची रोपं. माणूस कष्टाळू, गप्प आणि एका बाबतीत फार हट्टी. कुणाच्याही दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हा त्याच्या घरचा नियम. डॉक्टरकडे जाताना केळी, फादरकडे जाताना केळी, पोस्टमनच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हाही केळी. आणि एकदा दिलेलं परत घ्यायचं नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग. हा दुसरा भाग नसता तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

माझा जन्म झाला तो त्याच्या बायकोपायी. सेलिनबाई. तिच्या विहिरीवरून पूर्वेला तुंगारचा डोंगर दिसायचा. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती तो बघत होती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये ती एकदा पाणी शेंदता शेंदता थांबली आणि क्लेमेंटला म्हणाली, "अवो, जन्मभर मी विहिरीवर उभी राहून हा डोंगर बघते. एकदा डोंगरावर उभी राहून ही विहीर बघायची हाय."

"बघू पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी गुडघा नाय."

हे खरं होतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "सेलिनबाई, हा गुडघा फार तर या उन्हाळ्यापुरता साथ देईल. पुढे घरचा उंबरठासुद्धा डोंगरच समजा." पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद. म्हणजे काय ते मे महिन्यातच. आणि एका दिवसात चढून उतरणं त्या गुडघ्याला झेपणारं नव्हतं. वर एक रात्र काढायची, सकाळी सावकाश खाली यायचं, असं ठरलं. क्लेमेंटने कुठेतरी मुंबईची डोंगर चढणारी पोरं पाहिली होती. त्यांच्या पाठीवर पिशव्या होत्या, म्हणून त्याची ठाम समजूत की पाठपिशवीशिवाय डोंगर वर घेत नाही. अशी मी शिवली गेले.

आता अडचण ऐका. तुंगारेश्वराच्या देवळापर्यंत कुणीही जावं, कुणी विचारत नाही. पण देवळाच्या पुढे राखीव जंगल. त्यातून उन्हाळा, पाचोळा वाळलेला, एक विडी पडली तरी डोंगर पेटायचा. तिथे मुक्काम करायचा तर जंगलखात्याचा परवाना हवा. क्लेमेंटचा मुलगा बेसिल मुंबईला बँकेत होता. त्याने अर्ज लिहून दिला आणि म्हणाला, "साधी गोष्ट आहे. सही घ्या आणि या."

क्लेमेंटने सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, मला पाठीवर घेतलं आणि माझ्यात वेलची केळ्यांच्या दोन फण्या ठेवल्या. डोंगरासाठी शिवलेल्या पिशवीचा मुहूर्त केळ्यांनी झाला. मी मनात म्हटलं, असू दे, वर जाऊन खातील.

कचेरीत रेंजर होते विद्याधर ठोसर. नव्यानेच बदली होऊन आलेले, घाटावरचे, सडेफटिंग. अंगावर खाकी, मिशी बारीक आणि प्रामाणिकपणा इतका कडक की खुर्चीवरसुद्धा ते टेकून बसत नसत. आधीच्या ठिकाणी त्यांना कुणीतरी आंब्याची पेटी दिली होती आणि पुढच्याच महिन्यात डोंगरावरचं सागवान गेलं होतं. तेव्हापासून त्यांचं एक तत्त्व झालं होतं. आधी फळ येतं, मागून लाकूड जातं.

क्लेमेंटने आत जाऊन हात जोडले, माझं बटण काढलं आणि अर्जाच्या आधी केळी टेबलावर ठेवली.

ठोसरांनी केळ्यांकडे पाहिलं, मग अर्जाकडे, मग क्लेमेंटकडे.

"तुंगारवर मुक्काम? देवदर्शन आहे?"

"नाय सायेब."

"नवस?"

"नाय."

"शिकार?"

"आमी केळीवाले, सायेब. घर बघायचं हाय."

"कुठे आहे घर?"

"खाली. गिरीजला. वाडीत."

"मग ते खालूनच बघा ना."

क्लेमेंटने केळी जरा साहेबांच्या बाजूला सरकवली.

"ही केळी उचला," ठोसर म्हणाले.

"दिलेलं परत घेत नाय आमी," असं अगदी नम्रपणे बोलून क्लेमेंट बाहेर पडला. मागून शिपाई केळी घेऊन धावला. क्लेमेंटने त्याला ती प्रेमाने खायला सांगितली आणि घरची वाट धरली. अर्जावर त्या दिवशी शेरा पडला, 'चौकशी करावी.'

घरी गेल्यावर क्लेमेंट फार विचारात पडला. "सायबाच्या तोंडावर हसू नव्हतं," तो म्हणाला.

सून फ्लॉसी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "वेलची नेलीत ना? एवढंसं केळं. मोठा माणूस, त्याला ते काय दिसणार?"

सगळ्यांना ते पटलं. बघा कसं असतं माणसांचं. केळी नकोच असतील, हा विचार वसईच्या त्या घरात कुणाच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. नाकारली म्हणजे लहान होती.

चौकशीला एक जंगल गार्ड वाडीवर आला. आला तो नेमका जेवणाच्या वेळेला. सेलिनबाईने त्याला ओसरीवर बसवलं, तांदळाची भाकर आणि बोंबलाचं कालवण वाढलं, वर ताटात दोन उकडलेली अंडी ठेवली. त्याने ढेकर दिला, वाडीला एक चक्कर मारली आणि कचेरीत जाऊन सांगितलं, "साहेब, माणसं फार चांगली आहेत. जेवण तर विचारूच नका."

ठोसरांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या दृष्टीने आता गार्डही फितला होता.

दुसऱ्या खेपेला माझ्यात राजेळी केळी होती. ठसठशीत, हातभर लांब. माझी शिवण ताणली गेली. ठोसरांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा आणखी आवळला. माल मोठा झाला म्हणजे डावही मोठा असणार. त्यांनी विचारलं, "खरं सांगा, कोणासाठी करताय हे?"

"बायकोसाठी," क्लेमेंट म्हणाला.

हे उत्तर ठोसरांना सगळ्यात संशयास्पद वाटलं. त्यांनी अर्ज वरच्या कचेरीत पाठवायचं ठरवलं. क्लेमेंट केळी ठेवून निघून गेला.

तिसऱ्या खेपेला सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून, वाळल्या पानात घट्ट बांधलेली. त्याच्या घरात याहून वरचं काही नव्हतं. हे फादरला ईस्टरला देतात, नाहीतर लग्न ठरलं की व्याह्यांना. निम्मा मे महिना संपला होता. सेलिनबाई रोज गुडघ्याला तेल चोळत होती आणि रोज डोंगराकडे बघत होती, पण तोंडातून शब्द काढत नव्हती. त्यामुळे क्लेमेंटला जास्तच लागत होतं. तो कचेरीच्या बाकड्यावर मला मांडीवर घेऊन बसला आणि तिथे जे घडलं ते मी जन्मात विसरणार नाही.

त्या दिवशी कचेरीच्या ओटीवर लिलाव होता. कसला, तर केळ्यांचा. क्लेमेंटची राजेळी केळी दोन दिवस कपाटावर पिकत पडली होती. मालक परत घेईना, साहेब खाईना, आणि कुणी कर्मचाऱ्याने खाल्ली तर तीच लाच. मग माल बेवारस. बेवारस नाशवंत माल पकडला गेला तर त्याचा लिलाव करून पैसे सरकारात भरायचे, असा ठोसरांचा हुकूम. बांबू, कोळसा, मध यांचे लिलाव त्या ओटीवर झाले होते. केळ्यांचा पहिलाच.

कारकून रामनाथ स्टुलावर उभा राहिला. समोर शिपाई, तो गार्ड, एक पानवाला आणि बाकड्यावर आम्ही.

"राजेळी केळी, एक फणी. बोला."

"चार आणे," पानवाला म्हणाला.

क्लेमेंट ताडकन उठला. मी मांडीवरून खाली पडले. "चार आणे? पिकल्या राजेळीला चार आणे? बापजन्मी केळ पाहिलंस काय?"

"तुम्ही बोली बोला काका," रामनाथ म्हणाला.

"रुपया," क्लेमेंट म्हणाला.

पानवाला हुशार होता. त्याने सव्वा म्हटलं. क्लेमेंटने दीड म्हटलं. पानवाला गालात हसत चढवत गेला आणि क्लेमेंट वाडीच्या अब्रूसाठी चढत गेला. शेवटी आपली स्वतःची केळी त्याने बाजारभावाच्या दुप्पट पैशांना विकत घेतली, घामाघूम होऊन ती माझ्यात भरली आणि लिलावात जिंकल्याच्या आनंदात सुकेळी तिथेच टेबलावर ठेवून घरी आला. परवान्याचं विचारायचं राहूनच गेलं.

हे सगळं सेलिनबाईने ऐकून घेतलं. मग तिने ठेवणीतलं लाल लुगडं बाहेर काढलं आणि म्हणाली, "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी ते नेसून, केसात मोगरा माळून ती लंगडत कचेरीच्या पायऱ्या चढली. मी क्लेमेंटच्या पाठीवर होते आणि कधी नव्हे ती हलकी होते. फक्त दोन अंडी होती. ती सेलिनबाईनेच अगदी निघताना ठेवली होती. तिच्याने राहवलंच नाही.

ठोसरांनी तिला बसायला खुर्ची दिली. सेलिनबाई बसली आणि सरळ बोलायला लागली.

"सायेब, तुमच्या घरी आई हाय?"

"आहे. गावाला."

"शेजारणीने वाटीभर भाजी धाडली तर तुमची आई वाटी कशी परत करते?"

ठोसर जरा गडबडले. "काहीतरी घालून. साखर, नाहीतर डाळ."

"मग शेजारीण तिच्यावर चौकशी लावते काय?"

शिपाई दारात उभा होता, तो मान फिरवून बाहेर बघायला लागला. ठोसर जरा मऊ आवाजात म्हणाले, "बाई, ते घर झालं. ही कचेरी आहे. इथे कुणी काही आणलं की मला लाकूडच दिसतं. मी तरी काय करू?"

सेलिनबाईने यावर विचार केला. तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की तिला त्या माणसाचं म्हणणं पटलंय आणि ते पटलंय याचा तिला रागही आलाय.

"म्हणजे काय नाय आणलं तर सही मिळेल?"

"काही आणलं नसतं तर पहिल्याच दिवशी मिळाली असती."

सेलिनबाईने क्लेमेंटकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "जा, ती अंडी बाहेर ठेवून ये."

तो मला घेऊन बाहेर गेला. अंडी कुणाला द्यावी हा प्रश्न होता, कारण ओटीवरची सगळी माणसं कचेरीचीच. शेवटी त्याने ती पानवाल्याला दिली आणि कालचं भांडण मिटलं. परत आत येताना क्लेमेंटचे हात कसे तरीच लटकत होते. जन्मात पहिल्यांदा तो कुणाच्या दारात रिकामा उभा होता आणि त्याला कुठे बघावं ते समजेना. मला त्याची फार दया आली.

वर पाठवायचा राहिलेला अर्ज ठोसरांनी पुढे ओढला आणि सही केली. अटी घातल्या. विस्तव पेटवायचा नाही, कोयता न्यायचा नाही, एक रात्र. आणि चौथी अट त्यांनी तोंडी सांगितली. बरोबर कचेरीचा माणूस येईल. गार्डवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, म्हणून ते स्वतःच आले.

मेचा शेवटचा शनिवार. फ्लॉसीने माझ्यात भाकऱ्या, सुकटीची चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि एक गोधडी भरली. केळी कुठल्या खिशात भरली ते सांगत नाही. पहाटे आम्ही देवळाशी पोचलो. सेलिनबाईने तिथे बाहेरूनच हात जोडले, गळ्यातला क्रूस कपाळाला लावला आणि चढायला सुरुवात केली.

ती कशी चढली ते मी क्लेमेंटच्या पाठीवरून ऐकलं. दहा पावलं टाकायची, थांबायची, गुडघ्याला काहीतरी बोलायची आणि पुन्हा दहा पावलं. ठोसर पुढे. आधी ते दर वळणावर मागे वळून आमच्याकडे संशयाने बघत होते. दुपारनंतर तेही दहा पावलं टाकून थांबायला लागले. शेवटच्या चढाला त्यांनी मला क्लेमेंटच्या पाठीवरून घेतलं आणि स्वतःच्या पाठीवर टाकलं. मी तिरकी बसले, पण तक्रार केली नाही.

वर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. सेलिनबाई कातळावर बसली आणि पश्चिमेला बघायला लागली. खाली सगळी वसई हिरवीगार पसरलेली, पलीकडे समुद्राची पट्टी, मधे मधे पांढरी चर्चेस, आमच्याकडे त्यांनाही देऊळच म्हणतात.

"दिसली विहीर?" क्लेमेंटने विचारलं.

ती बराच वेळ शोधत राहिली. माडांच्या गर्दीत सगळ्या वाड्या एकसारख्या. विहीर दिसेना, घर दिसेना. एवढ्या केळ्यांचं, एवढ्या खेपांचं, त्या बिचाऱ्या गुडघ्याचं काय झालं म्हणायचं? क्लेमेंटचा चेहरा तर रडवेला झाला.

सेलिनबाई मात्र बोट दाखवत बोलायला लागली. "हे आपलं देऊळ गिरीजचं. म्हणजे आपली वाडी त्याच्या कडेला, इथेच कुठेतरी. आणि ते... ते निर्मळचं." निर्मळ तिचं माहेर. तिने हात पुढे धरला, अंगठा गिरीजवर टेकवला आणि करंगळी ताणून निर्मळपर्यंत नेली. बरोबर वीत भरली.

ती हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझ्या वरातीत मी निर्मळपासून गिरीजपर्यंत रडत आले. वाटलं, आता आई कुठे दिसायची. बैलसुद्धा दमले असतील ऐकून. आणि ते सगळं रडणं एवढ्यासाठी?"

"तेव्हाच सांगत होतो तुला," क्लेमेंट म्हणाला. "पण तू ऐकायला तयार नव्हतीस."

ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. तिची आई जाऊन त्या उन्हाळ्यात दोन वर्षं झाली होती. ती असताना दर वेळी काहीतरी काम निघायचं, आणि निर्मळला जाणं लांब वाटायचं.

ठोसर बाजूला उभे होते. ते पूर्वेकडे वळून बघत म्हणाले, "माझं गाव इथून दिसत नाही. कितीही विती मोजल्या तरी नाही."

"मग जात जा," सेलिनबाई म्हणाली. "रजा कशाला असतात?" आणि तिने माझ्या खिशाचं बटण काढून एक वेलची केळं त्यांच्यापुढे धरलं. ठोसरांनी इकडे तिकडे पाहिलं. तिथे टेबल नव्हतं, अर्ज नव्हता. त्यांनी केळं घेतलं, खाल्लं आणि म्हणाले, "चांगलं आहे हो." क्लेमेंटला त्या एका वाक्याने जो आनंद झाला तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. साल मात्र ठोसरांनी घडी करून खिशात ठेवलं. जंगलात कचरा टाकायची मनाई होती.

त्यानंतर मी डोंगर चढले नाही. मला कुणी नेलंच नाही. गुडघ्याने डॉक्टरांचा शब्द खरा केला. पण पावसाळा संपल्यावर सेलिनबाई काठी टेकत एसटीने निर्मळला भावाकडे जायला लागली. बरोबर क्लेमेंट आणि त्याच्या पाठीवर मी.

आता आठ-नऊ वर्षं झाली. क्लेमेंट गेल्या वर्षी देवाघरी गेला. माझा आखूड पट्टा तुटलाय आणि मी स्वयंपाकघरात खुंटीला कांदे घेऊन लटकलेय. फ्लॉसी अधूनमधून माझ्याकडे बघून म्हणते, हिची दोन पायपुसणी होतील. तुमच्यापैकी कुणाची तिच्याशी ओळख असेल तर तिला सांगा, शिडाचं कापड आहे, आणखी वीस वर्षं टिकेल, घाई करू नको. कांदे चालतील. पायपुसणं नको.

वाडीच्या पूर्वेला आता इमारती उठायला लागल्यात. विहिरीवरून डोंगराचा अर्धाच माथा दिसतो. सेलिनबाई ओसरीवर खुर्ची टाकून तेवढाच बघते. परवा शेजारची ॲनी आली होती. तिने विचारलं, "काकी, तुमी वर जाऊन आलात ना? काय हाय वर?"

सेलिनबाईने जरा विचार केला.

"वर काय नाय ग," ती म्हणाली. "सगळं इथलंच. फक्त जवळ जवळ."